पदवीला शिक्षणशास्त्र मायनर: शिक्षक व्हायचं असेल तर पहिल्या वर्षापासून काय करावं

बारावीनंतर शिक्षकी पेशाकडे जाण्याच्या वाटा आजवर दोनच धरल्या जायच्या. डी.एल.एड. म्हणजे प्राथमिक शिक्षकाची पदविका करायची, नाहीतर पदवी घेऊन बी.एड. करायचं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० प्रमाणे महाराष्ट्रातल्या विद्यापीठांनी पदवीची रचना बदलली, स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून. त्या रचनेत एक मेजर म्हणजे मुख्य विषय आणि एक मायनर म्हणजे जोडविषय घ्यावा लागतो. काही महाविद्यालयांत शिक्षणशास्त्र हा विषय मायनर म्हणून घेता येतो. बी.ए. मराठी किंवा बी.एस्सी. गणित करता करता शिक्षण, बालमानसशास्त्र, मूल्यमापन हे सगळं तीन वर्षं शिकता येतं.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करून घ्या. हे मायनर केल्याने शाळेत शिक्षक म्हणून नोकरीची पात्रता मिळत नाही. बी.एड. किंवा डी.एल.एड. करावंच लागतं आणि मायनर केलं म्हणून त्यात सूटही मिळत नाही. आकडेच पाहा. मायनरला साधारण १८ ते २० श्रेयांक म्हणजे क्रेडिट असतात. एका श्रेयांकाला १५ तास तात्त्विक शिकवणी धरली, तर तीन वर्षांत २७० ते ३०० तास भरतात. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनुसार बी.एड. महाविद्यालय आठवड्याला किमान ३६ तास चालावं लागतं. म्हणजे मायनरचे सगळे तास बी.एड.च्या आठ-नऊ आठवड्यांत संपतील.

मग ते घ्यायचं कशासाठी? मूल शिकतं कसं आणि कुठे अडतं हे पाहायची सवय तीन वर्षं आधी लागावी, यासाठी. बी.एड.ला आल्यावर पाठ टाचण, सराव पाठ, फाईली आणि इंटर्नशिप यांच्या धबडग्यात शांतपणे एका मुलाकडे बघायला वेळच उरत नाही. पदवीच्या काळात तो असतो. शिवाय हा पेशा आपल्याला झेपेल का, हे तिथेच कळतं आणि नाही झेपणार असं वाटलं तर मागे फिरायला अजून वाट मोकळी असते. पुढचा सगळा लेख हे तास कसे सार्थकी लावायचे याबद्दल आहे.

आधी ठरवा: शिकवायचं कोणत्या इयत्तेला?

‘मला शिक्षक व्हायचंय’ एवढं म्हणून भागत नाही. इयत्तेप्रमाणे रस्ता बदलतो आणि चुकीच्या रस्त्यावर पाचसहा वर्षं गेलेली मुलं मी पाहतो, तेव्हा फार वाईट वाटतं.

पहिली ते पाचवी शिकवायचं असेल, तर डी.एल.एड. लागतं. बी.एड. चालत नाही. २०१८ मध्ये एका अधिसूचनेने बी.एड.धारकांना प्राथमिकसाठी पात्र ठरवलं होतं, पण सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ च्या निकालात ते रद्द ठरवलं. गावोगावी अजूनही ‘बी.एड. केलं की सगळीकडे चालतं’ असं सांगणारे काका-मामा भेटतात. त्यांचं ऐकू नका. लहान मुलांत रमणारा जीव असेल, तर बारावीनंतर थेट डी.एल.एड. करा आणि जोडीने किंवा नंतर पदवी घ्या. किंवा चार वर्षांच्या एकात्मिक अध्यापक शिक्षण कार्यक्रमाचा, म्हणजे आयटेपचा विचार करा. त्याचा प्रवेश बारावीनंतरच्या राष्ट्रीय सामाईक परीक्षेतून होतो. पदवीच्या मध्यावर त्यात उडी मारता येत नाही, म्हणून हा निर्णय बारावीतच घ्यावा लागतो.

सहावी ते आठवीसाठी पदवी आणि बी.एड., किंवा पदवी आणि डी.एल.एड., दोन्ही चालतं. वर टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण असावं लागतं. नववी-दहावीला पदवी आणि बी.एड. लागतं. अकरावी-बारावीला त्या विषयाची पदव्युत्तर पदवी आणि बी.एड. चित्रकला, शारीरिक शिक्षण आणि विशेष शिक्षण यांच्या पात्रता निराळ्या आहेत. विशेष शिक्षणाचे अभ्यासक्रम भारतीय पुनर्वसन परिषदेच्या अखत्यारीत येतात, हे ध्यानात ठेवा.

शिक्षणशास्त्र मायनर सर्वांत जास्त उपयोगी पडतं ते सहावीच्या पुढे शिकवू पाहणाऱ्यांना, कारण त्यांना पदवी तशीही करायचीच असते.

मेजर निवडताना बी.एड.चा दरवाजा डोळ्यासमोर ठेवा

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते इथे, म्हणून इथे थोडं थांबतो.

बी.एड.ला तुम्ही ‘अध्यापनपद्धती’ निवडता. मराठीची, गणिताची, विज्ञानाची, इतिहासाची. ती पद्धती तुमच्या पदवीच्या विषयावर ठरते. पदवीला जो विषय शिकलाच नाही, त्याची पद्धती मिळणं कठीण जातं आणि पुढे भरतीतही जाहिरातीतल्या विषयाशी तुमची पदवी जुळावी लागते. मराठी, हिंदी, इंग्रजी, संस्कृत, गणित, भौतिक, रसायन, वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, इतिहास आणि भूगोल हे विषय शाळेच्या वेळापत्रकात सरळ बसतात. मानसशास्त्र, तत्त्वज्ञान, समाजशास्त्र हे मोलाचे विषय आहेत, पण दहावीपर्यंतच्या शाळेत त्यांचा स्वतंत्र तास नसतो. त्यांपैकी एखादा मेजर घ्यायचा असेल, तर कनिष्ठ महाविद्यालयात शिकवायचं आहे असं मनाशी ठरवून घ्या.

आता खरा पेच. मायनरची जागा एकच असते. तिथे शिक्षणशास्त्र घेतलं, तर दुसरा शालेय विषय घ्यायची जागा गेली. इतिहास मेजर असलेल्याने भूगोल मायनर घेतलं, तर माध्यमिक शाळेत सामाजिक शास्त्रांचे तास घेताना त्याची बाजू भक्कम राहते. बहुतेक शाळांत एका शिक्षकाला दोन विषय शिकवावे लागतात, हे वास्तव आहे. माझं मत असं: मेजर भाषा किंवा गणित असेल, तर शिक्षणशास्त्र मायनर बिनधास्त घ्या, कारण हे तास प्रत्येक इयत्तेला भरपूर असतात. मेजर इतिहास, भूगोल किंवा विज्ञानातली एखादी शाखा असेल, तर दुसरा शालेय विषय मायनर ठेवा आणि शिक्षणशास्त्राचे पेपर ओपन इलेक्टिव्हमध्ये घ्या. ओपन इलेक्टिव्ह दुसऱ्या विद्याशाखेतलं घ्यायचं असतं आणि महाराष्ट्रात शिक्षणशास्त्र आंतरविद्याशाखीय अभ्यास या विद्याशाखेत मोडतं, त्यामुळे कला, विज्ञान, वाणिज्य अशा कोणत्याही विद्यार्थ्याला ते घेता यायला हरकत नसते. महाविद्यालय ते शिकवतं का, एवढाच प्रश्न उरतो.

प्रवेश घेण्याआधी महाविद्यालयात विचारायचे प्रश्न

माहितीपुस्तिकेत ‘शिक्षणशास्त्र’ छापलेलं असतं आणि प्रत्यक्षात शिकवायला प्राध्यापकच नसतो, असं होतं. म्हणून ऑफिसच्या खिडकीवर न थांबता विभागप्रमुखांना किंवा उपप्राचार्यांना भेटा आणि विचारा. मायनर कोणत्या सत्रापासून सुरू होतं? काही विद्यापीठांत पहिल्या वर्षी तीन विषय बरोबरीने शिकवतात आणि दुसऱ्या वर्षी त्यांतला मेजर-मायनर ठरतो, काही ठिकाणी मायनर पहिल्याच वर्षी सुरू होतं. पहिल्या वर्षी तो विषय घेतला नसेल, तर दुसऱ्या वर्षी मिळेल का? विषय सुरू व्हायला किमान किती विद्यार्थी लागतात? गेल्या वर्षी तो खरंच शिकवला गेला का? शिकवणाऱ्यांकडे एम.एड. किंवा शिक्षणशास्त्रातली पदव्युत्तर पदवी आहे का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, शाळाभेटी अभ्यासक्रमात आहेत का आणि त्यासाठी जवळच्या कोणत्या शाळांशी बोलणं झालेलं आहे?

शेवटच्या प्रश्नाला नीट उत्तर मिळालं नाही, तरी प्रवेश सोडू नका. शाळा तुम्ही स्वतः शोधू शकता. ते पुढे येतंच आहे.

पहिलं वर्ष: वर्गात मागच्या बाकावर बसायला शिका

शिक्षणशास्त्राच्या पहिल्या पेपरात बहुधा शिक्षणाची तात्त्विक आणि सामाजिक बैठक असते. त्याची टिपणं काढा, पण त्या पेपराला जीव येतो तो शाळेत गेल्यावर. म्हणून पहिल्याच वर्षी एक शाळा गाठा.

रीत साधी आहे. प्राचार्यांच्या सहीचं पत्र घ्या. त्यात तुमचं नाव, वर्ग, भेटीचा हेतू, वार आणि वेळ स्पष्ट लिहिलेली असावी. खाजगी शाळेत मुख्याध्यापकांना भेटा. जिल्हा परिषदेची शाळा असेल, तर मुख्याध्यापकांसोबत गटशिक्षणाधिकाऱ्यांची परवानगीही लागू शकते. केंद्रप्रमुखांची ओळख काढलीत तर काम सोपं होतं. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, अर्धा दिवस एवढंच मागा. तपासणीचे किंवा परीक्षेचे दिवस टाळा. भाऊ, बाई, सर जे संबोधन तिथे चालतं तेच वापरा आणि पहिले काही आठवडे काहीही शिकवायला मागू नका.

मुलांचे फोटो काढू नका, व्हिडिओ तर मुळीच नको. वहीत मुलांची खरी नावं लिहू नका. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ करायला बंदी आहे. तसं काही दिसलं, तर वर्गात वाद न घालता महाविद्यालयातल्या मार्गदर्शकांना त्याच दिवशी सांगा. अंगावर वळ किंवा लैंगिक छळाची शंका येण्याजोगं काही असेल, तर मात्र जराही वेळ न दवडता मुख्याध्यापक आणि चाइल्ड हेल्पलाइन १०९८ यांना कळवा.

निरीक्षण करायचं म्हणजे काय करायचं, हे एका उदाहरणावरून सांगतो. तिसरीची मुलगी पाटीवर ५२ वजा २७ मांडते आणि उत्तर लिहिते ३५. बहुतेक जण वहीत लिहितील, ‘वजाबाकी येत नाही’ आणि पुढे जातील. त्याऐवजी तिच्या शेजारी बसा आणि विचारा, ‘कसं केलंस गं? मला पण सांग ना.’ ती सांगेल, ‘सातातून दोन गेले, पाच राहिले. पाचातून दोन गेले, तीन राहिले.’ आता कळलं ना? तिला वजाबाकी येते. पहिलीत ‘मोठ्यातून लहान वजा करायचं’ असं तिला शिकवलेलं आहे आणि ती तो नियम इमानेइतबारे पाळते आहे. एककाच्या घरात वर दोन आणि खाली सात दिसले, की मोठा कोण ते बघून ती सातातून दोन काढते. तिच्या लेखी ५२ ही एक संख्या नाहीच, शेजारी शेजारी ठेवलेले दोन अंक आहेत.

अशा वेळी ‘हातचा घे’ असं सांगून उपयोग होत नाही, कारण तो तिच्यासाठी आणखी एक न कळलेला नियम ठरतो. दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या तिच्यापुढे ठेवा. ‘यातल्या सत्तावीस मला दे’ म्हणा. सात सुट्या द्यायला तिच्याकडे दोनच आहेत, म्हणून ती स्वतःच एका गठ्ठ्याची रबर काढते. हातच्याचा सगळा अर्थ त्या रबर काढण्यात आहे. त्यानंतर तीच कृती पाटीवर अंकांत मांडली, की मग नियम तिचा होतो.

निरीक्षणाच्या वहीत या प्रसंगाच्या पाच नोंदी असाव्यात: मुलाने काय केलं, कसं केलं ते त्याच्याच शब्दांत, त्यामागे तुमचा अंदाज काय, शिक्षकांनी काय केलं आणि पुढे काय झालं. आठवड्याला अशी एकच नोंद चांगली लिहा. वर्गाचं क्षेत्रफळ, पंख्यांची संख्या आणि भिंतीवरचे तक्ते यांनी भरलेले अहवाल मी पुष्कळ पाहतो. त्यांतून शिकणाऱ्या मुलाचा मागमूसही लागत नाही.

आणखी एक गोष्ट मराठी शाळेत आवर्जून बघा. मूल ‘सत्तावीस’ ऐकून ७२ लिहितं का? आपल्याकडे बोलताना एकक आधी येतो आणि लिहिताना दशक आधी. लहान मुलाला हे उलटंपालटं सांभाळावं लागतं. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस सात’ अशा वाचनाची जोड दिली, तेव्हा राज्यभर केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल. त्यातली बाजू कोणतीही घ्या, पण वर्गात बसून मुलं काय करतात ते पाहिल्याशिवाय घेऊ नका.

दुसरं वर्ष: सिद्धांत वहीतल्या नोंदींना लावून पाहा

या वर्षी बहुधा शैक्षणिक मानसशास्त्र येतं. पियाजे, व्हायगॉट्स्की, ब्रूनर, ब्लूम ही नावं पाठ करून गुण मिळतात, पण टीईटीच्या पेपरात आणि वर्गात त्यांचा उपयोग वेगळाच असतो. टीईटीला पहिल्या पेपरात १५० पैकी ३० गुण बालमानसशास्त्र आणि अध्यापनशास्त्राला असतात, दुसऱ्या पेपरातही तेवढेच. बरेच प्रश्न प्रसंग देऊन विचारलेले असतात: अमुक मूल असं वागलं, शिक्षकाने काय करावं? ज्याने वहीत असे प्रसंग लिहिलेत, त्याला ते प्रश्न ओळखीचे वाटतात.

म्हणून प्रत्येक सिद्धांत शिकल्यावर स्वतःची जुनी नोंद काढा. काड्यांचे गठ्ठे न देता तुम्ही नुसते बाजूला बसला असता, तर वजाबाकीत अडलेल्या त्या मुलीला जमलं असतं का? एकट्याने जमत नाही पण कुणाच्या आधाराने जमतं, या पट्ट्यालाच व्हायगॉट्स्कीने निकटच्या विकासाचं क्षेत्र म्हटलं. अशी एक नोंद जोडली, की व्याख्या पाठ करावी लागत नाही.

याच वर्षी आपल्या मातीतल्या प्रयोगांचा अभ्यास करा. परीक्षेत ते दोन-पाच गुणांपुरते असतात, पण भावी शिक्षकाला त्यातून सगळ्यात जास्त मिळतं. १८४८ मध्ये पुण्यात भिडेवाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली हे सगळ्यांना माहीत असतं. १८८२ मध्ये इंग्रज सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे जोतीरावांनी दिलेलं निवेदन मात्र फार कमी जण वाचतात. प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, शिक्षक खालच्या जातींतूनही घ्या, त्यांना पगार नीट द्या, शेतीची माहिती शिकवा, अशा त्यातल्या मागण्या आजच्या चर्चेतही ताज्या वाटतात. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी आधी गिजुभाई बधेका यांच्यासोबत भावनगरला काम केलं. पुढे १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी शाळा त्यांच्या अंगणात नेली. गुरं राखणारी मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर कुरणशाळा, म्हणजे गुरं चरतात तिथेच भरणारी शाळा काढली. मूल शाळेत का येत नाही याचं उत्तर मुलाच्या घरापाशी जाऊन शोधणं, हा त्या कामाचा गाभा होता. तुमच्या शाळेच्या पटावर सतत गैरहजर असणारं एखादं मूल असेल, तर त्याच्या गैरहजेरीचा शोध घेणं हा तुमचा क्षेत्रप्रकल्प होऊ शकतो.

नव्या रचनेत क्षेत्रप्रकल्प आणि समाजसहभागाचे श्रेयांक वेगळे असतात. बहुतेक मुलं ते कसेबसे उरकतात. तुम्ही ते मार्गदर्शकांच्या परवानगीने शाळेत करा. सुचवण्यासारखे काही विषय: पाचवीतल्या मुलांना दुसरीच्या पातळीचा परिच्छेद वाचता येतो का आणि अडखळतात ते नेमके कोणत्या जोडाक्षरांवर, घरी कातकरी, भिली, कोकणी किंवा पारधी बोलणाऱ्या मुलांना पहिलीच्या पुस्तकातले कोणते शब्द कळत नाहीत, शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेला पालक येतात का, आणि आईंचा आवाज तिथे किती निघतो. शिक्षण हक्क कायद्यात या समितीत निम्म्या महिला असणं बंधनकारक आहे, एवढं आधी वाचून जा.

तिसरं वर्ष: वर्गापुढे उभं राहा, आणि सीईटीची तयारी करा

आतापर्यंत शाळेतल्या बाईंचा तुमच्यावर विश्वास बसलेला असतो. त्यांना विचारा, ‘आठवड्यातून वीस मिनिटं मी चार-पाच मुलांच्या गटाला घेऊ का?’ संपूर्ण वर्गाला पाठ देण्याचा हट्ट धरू नका. तो बी.एड.ला सोळा-वीस आठवड्यांच्या इंटर्नशिपमध्ये मिळणारच आहे. छोट्या गटात मात्र प्रत्येक मुलाचा चेहरा दिसतो.

टाचण एका पानाचं असावं. आज काय यायला हवं ते एका वाक्यात लिहा, आणि ते तपासता येईल असं लिहा. ‘अपूर्णांकांची संकल्पना स्पष्ट होईल’ हे तपासता येत नाही. ‘एका भाकरीचे चार समान तुकडे करून तीन-चतुर्थांश दाखवेल’ हे तपासता येतं. मग कोणते तीन प्रश्न विचारणार ते शब्दशः लिहा. नवशिक्या शिक्षकाचे प्रश्न ऐन वेळी ‘समजलं का?’ एवढ्यावर येतात आणि मुलं एका सुरात ‘हो’ म्हणतात. शेवटी एक छोटं काम, ज्यातून कुणाला आलं आणि कुणाला नाही ते कळेल. पाठ झाला की त्याच दिवशी चार ओळी लिहा: काय ठरवलं होतं, काय झालं, का.

मूल्यमापनाचा पेपर असेल, तर मुलांच्या आकारिक मूल्यमापनाच्या नोंदी मुख्याध्यापकांच्या परवानगीने बघा. वर्णनात्मक नोंदी सगळ्यांना सारख्याच लिहिलेल्या दिसल्या, तर रागावू नका. पटावर चाळीस मुलं, दोन वर्ग एकत्र, त्यात यू-डायस या सरकारी नोंदप्रणालीत भरायची शाळेची माहिती, पोषण आहाराचे हिशेब आणि आलेले ऑनलाइन फॉर्म. एका मुलाबद्दल खरी नोंद लिहायला किती वेळ लागतो हे तुम्ही स्वतः करून बघा, म्हणजे त्या शिक्षकाबद्दल आदर वाटेल आणि यंत्रणेत काय बदलायला हवं तेही कळेल.

समावेशक शिक्षण हा पेपर असला तर त्याला कमी लेखू नका. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांचा समावेश आहे आणि वाचन-लेखनाची विशिष्ट अध्ययन अक्षमता त्यात येते. ज्याला आपण ‘ढ’ किंवा ‘आळशी’ म्हणतो, त्यातलं एखादं मूल डिस्लेक्सियामुळे झगडत असतं. निदान करणं तुमचं काम नाही, पण शंका आली तर नोंद ठेवून मार्गदर्शकांना सांगणं आहे.

याच वर्षी बी.एड.ची सीईटी येते. ती राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष घेतो. १०० प्रश्न, ९० मिनिटं: बौद्धिक क्षमता ४०, सामान्यज्ञान ३० आणि शिक्षक अभियोग्यता ३०. परीक्षा साधारण मार्च-एप्रिलच्या आसपास येते, म्हणजे सहाव्या सत्राच्या तयारीतच. अर्ज त्याच्या काही महिने आधी सुटतात आणि शेवटच्या वर्षात शिकणाऱ्यांनाही देता येतात. दिवाळीनंतर कक्षाचं संकेतस्थळ दर आठवड्याला बघत जा. तारीख हुकली, की अख्खं वर्ष वाया जातं. पदवीला ५० टक्के लागतात, महाराष्ट्रातल्या राखीव प्रवर्गाला ४५. मायनरचे गुणही एकूण गुणांत धरले जातात, त्यामुळे ते सोपं समजून सोडून देऊ नका. मायनर केलेल्यांना शिक्षक अभियोग्यतेचा भाग सहज जातो. अडतात ते बौद्धिक क्षमतेवर, कारण तिथे वेग लागतो. जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवा.

चौथं वर्ष घ्यावं का?

नव्या रचनेत चार वर्षांची ऑनर्स पदवी आहे. तीन वर्षांना १२० ते १३२ श्रेयांक, चार वर्षांना १६० ते १७६. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात असं म्हटलं आहे की चार वर्षांची पदवी किंवा पदव्युत्तर पदवी घेतलेल्यांसाठी बी.एड. एका वर्षाचं असावं. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २०२५ च्या सुरुवातीला तशा नियमांचा मसुदा मांडला. म्हणून अनेक जण चौथं वर्ष घेऊन एक वर्ष वाचवू म्हणतात. हिशेब साधा आहे: तीन अधिक दोन पाच, चार अधिक एकही पाच. वेळ वाचत नाहीच. त्यामुळे चौथं वर्ष घ्यायचं ते विषयाची आवड असेल, संशोधन करायचं असेल किंवा पुढे कनिष्ठ महाविद्यालयात शिकवायचं असेल तरच. आणि तुमच्या जवळच्या महाविद्यालयाला एक वर्षाच्या बी.एड.ची मान्यता मिळाली आहे का, हे अधिकृत आदेश पाहून ठरवा. कोणाच्या स्टेटसवर वाचलं म्हणून नको.

महाविद्यालयात हा विषय नसेल तर

मेजर शालेय विषयाचं ठेवा, ओपन इलेक्टिव्हमध्ये जमेल तेवढं शिक्षणशास्त्र किंवा मानसशास्त्र घ्या आणि शाळेची वाट वर सांगितल्याप्रमाणे स्वतः धरा. स्वयम् या केंद्र सरकारच्या मंचावर शिक्षणशास्त्राचे ऑनलाइन अभ्यासक्रम असतात. त्यांचे श्रेयांक विद्यापीठ मान्य करतं का, ते आधी लेखी विचारून घ्या. बालभारतीची सगळी पाठ्यपुस्तकं संकेतस्थळावर मोफत उतरवून घेता येतात. तुम्ही जे शिकवणार त्या विषयाची पाचवी ते दहावीपर्यंतची पुस्तकं ओळीने वाचून काढा. एखादी संकल्पना पाचवीत कशी येते आणि नववीत कुठे पोहोचते, हे एकदा लक्षात आलं की बी.एड.मधला आशयज्ञानाचा अभ्यास निम्मा झाल्यासारखा असतो.

पुढची शिडी आधीच बघून ठेवा

बी.एड.नंतर आठवीपर्यंत शिकवायचं तर टीईटी. राज्याची टीईटी महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते, केंद्राची सीटीईटी सीबीएसई घेते. १५० पैकी ९० गुण म्हणजे ६० टक्के लागतात, राखीव प्रवर्गाला ५५ टक्के. आता प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. केंद्रीय विद्यालयं आणि नवोदय विद्यालयांसाठी सीटीईटी लागते. सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी दिलेल्या निकालाने सेवेतल्या शिक्षकांनाही, निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्यांना, टीईटीची अट लावली आहे, तेव्हा ही परीक्षा टाळून पुढे जाता येईल या भ्रमात राहू नका.

त्यानंतर टेट, म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी. २०० गुण, दोन तास, त्यात अभियोग्यता १२० आणि बुद्धिमत्ता ८०. तिच्या गुणांवर पवित्र पोर्टलवरून भरती होते. ही चाचणी दरवर्षी होत नाही. २०१७, २०२३ आणि २०२५ ही आतापर्यंतची वर्षं पाहिली, म्हणजे किती वाट पाहावी लागते त्याचा अंदाज येईल. नेमणूक झाली की पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काढावी लागतात: २०२३ पासून प्राथमिकला दरमहा १६ हजार, माध्यमिकला १८ हजार, उच्च माध्यमिकला २० हजार. विनाअनुदानित शाळेत यापेक्षाही कमी मिळू शकतं. घरच्यांशी हे आकडे समोर ठेवून बोला. बहीण-भावाचं शिक्षण, घराचं कर्ज, आईवडिलांचं आजारपण, सगळं धरून पाचसात वर्षांचा हिशेब मांडा. हिशेब मांडूनही जो या वाटेला येतो, तोच टिकतो असं माझं निरीक्षण आहे.

एक शेवटची व्यावहारिक गोष्ट. पहिल्या वर्षापासून एक फाईल ठेवा. तीत शाळेची परवानगीपत्रं, मुख्याध्यापकांच्या सहीची उपस्थिती, निरीक्षणाच्या निवडक नोंदी, टाचणं आणि त्याखालच्या चार ओळी, क्षेत्रप्रकल्पाचा अहवाल आणि प्रत्येक सत्राची श्रेयांकांची गुणपत्रिका असावी. श्रेयांक अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या खात्यात जमा झाले का, ते दर सत्राला तपासा, कारण चूक तिसऱ्या वर्षी सापडली तर दुरुस्तीला महिने जातात. जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, अधिवास ही कागदपत्रं सीईटीचा अर्ज सुटण्याआधी तयार ठेवा. नॉन-क्रिमिलेअरची मुदत प्रवेशफेरीच्या तारखांपर्यंत आहे ना, तेही बघा.